झिरा

आजीच्या तोंडून मी माणगंगेला कधी ‘नदी’ म्हटलेलं ऐकलं नाही. ती ‘गंगा’च म्हणायची, तेही भर उन्हात वाळूचा नुसता पट्टा दिसत असताना.

कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरात ही उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, पुढे आटपाडी-सांगोल्याचा मुलूख तुडवत सरकोलीजवळ भीमेला मिळते. सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. आमचं गाव म्हसवडच्या वरच्या अंगाला. गावावर ढगाचा ठिपका नसायचा, पण वर डोंगरात पाऊस झालेला असायचा. गोठ्यातली खिलारं कान टवकारायची आणि आजी ओरडायची, “पोरास्नी वर घ्या गं, गंगा आली!” दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळू.

पण त्या वाळूतच पाणी होतं. पहाटे आजीबरोबर जायचो. ती पायानंच जागा चाचपायची, मग हातानं झिरा उकरायला लागायची. कोपरभर खोल गेलं की वाळू काळपट, ओली लागे. पहिलं गढूळ पाणी करवंटीनं उपसून शेळ्यांसाठी बाजूला टाकायचं आणि थांबायचं. हे थांबणं मला जड जायचं. तळातून बारीक बुडबुडे येत आणि हळूहळू पाणी नितळ होई. मग पदराच्या गाळणीतून घागर भरायची. निघताना झिऱ्यावर बाभळीचं शिरं टाकायचं, कुत्र्यामांजरानं तोंड घालू नये म्हणून.

१८७६-७७च्या दुष्काळाच्या गोष्टी आजीला तिच्या सासऱ्यांकडून आलेल्या. राजेवाडीचा तलाव त्या दुष्काळातल्या कामाचा, आणि आमच्यातल्या कुणीतरी तिथं मातीच्या पाट्या वाहिल्या म्हणे. कुणी, ते नाव घरात उरलं नाही. १९७२चा दुष्काळ मात्र तिचा स्वतःचा. दिवसभर खडी फोडायची, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी आणायची. तांबूस मिलो ज्वारीची भाकरी थापताना मोडायची, ते तिला फार लागलं होतं. हुलग्याचं माडगं तेवढं घरचं. लसणाची फोडणी दिलेलं ते पातळ माडगं मला अजून आवडतं, पण तिच्या हातची चव काही येत नाही.

त्या साली गावातल्या विहिरी आटल्या तरी आमचा झिरा टिकला, असं ती सांगायची. मी विश्वास ठेवतो. वाळू पुराचं पाणी पोटात धरून ठेवते, ऊन त्याला लागू देत नाही. आमच्या डोळ्यांदेखत ती वाळू ट्रॅक्टर भरभरून बांधकामांवर गेली आणि आम्ही गप्प राहिलो. आता उरमोडी धरणाचं पाणी माण तालुक्यात येतं, त्याचा आनंद आहेच. पण आजी पाणी भरायची त्या घाटाखाली उघडा खडक आणि वेड्या बाभळी आहेत. तिथं झिरा लागत नाही.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर तुमच्या नदीत झिरे कुठं लागायचे ते त्याला विचारून घ्या. आणि तिथली वाळू उचलू देऊ नका.