सक्तीची शाळा आणि मोकळें मैदान

नगरपालिका म्हटली कीं नळ, दिवे, रस्ते आणि केरकचरा एवढ्याच गोष्टी नागरिकाच्या मनांत उभ्या राहतात. घरपट्टी भरतांना तो मनाशीं हिशेब करतो तोहि याच गोष्टींचा. परंतु शहरांत वाढणाऱ्या मुलांचा व तरुणांचाहि पालिकेवर कांहीं हक्क पोंचतो काय, हा प्रश्न मुंबईपुढें फार पूर्वींच उभा राहिला होता. मुंबईनें त्याचें उत्तर दोन निरनिराळ्या रीतींनीं दिलें, आणि १९२५ सालीं या दोन्ही रीती शहराच्या एकाच भागांत दिसूं लागल्या.

या दोन रीतींचें मूळ १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यांत आहे. त्या कायद्यानें पालिकेच्या कामांचे दोन वर्ग पाडले. कलम ६१ मध्यें सांगितलेलीं कामें तिनें केलींच पाहिजेत. कलम ६३ मधील कामें करणें वा न करणें तिच्या इच्छेवर सोडलेलें. प्राथमिक शाळा पहिल्या वर्गांत बसल्या, तर बागा व खेळाचीं मैदानें दुसऱ्या वर्गांत. म्हणजे मुलाला अक्षरओळख करून देणें हें कर्तव्य ठरलें, आणि त्याला धांवावयास जागा देणें हें औदार्य!

आरंभीं शाळांचा कारभार सरकार व पालिका यांच्या संयुक्त समितीकडे होता. १९०७ सालीं तो सर्वस्वीं पालिकेकडे आला. गिरगांवासारख्या सुशिक्षित वस्तींत आर्यन एज्युकेशन सोसायटीसारख्या खासगी संस्था मध्यमवर्गाच्या मुलांची तरतूद करीत होत्या. खरा प्रश्न होता तो परळ, लालबाग, वरळी, शिवडी या गिरणगांवाचा. कोंकणांतून व देशावरून आलेल्या कुटुंबांची एकेका खोलींत दाटी, मिळकत तोकडी, आणि मुलाच्या कोंवळ्या हातालाहि बाजारांत मोल! १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें कामासाठीं किमान वय ठरविलें तें अवघें सात वर्षांचें. १८९१ सालीं तें नऊ झालें, आणि चौदा वर्षांखालील मुलास दिवसाला सात तासांहून अधिक राबवूं नये असा निर्बंध आला. १९२२ सालीं किमान वय बारा झालें. कायद्यानें गिरणीचा दरवाजा लहान मुलांस बंद केला, हें योग्यच झालें; पण त्या दरवाजाबाहेर उभ्या राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलानें जावें कोठें?

या प्रश्नाचें उत्तर म्हणजे सक्तीचें शिक्षण. विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें १९१८ सालीं झालेला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा जिल्ह्यांतील नगरपालिकांपुरता होता. मुंबई शहरासाठीं १९२० सालीं निराळा कायदा करण्यांत आला. त्याच्या आधारें १९२५ सालीं पालिकेनें एफ् व जी या दोन विभागांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें. गिरण्यांची दाट वस्ती याच विभागांत होती. सक्ती हा शब्द कानाला कठोर लागतो, आणि गरिबाच्या घरीं तो कठोर होताहि. थोरली मुलगी शाळेंत गेली तर धाकट्या भावंडास कोणीं सांभाळावें, ही अडचण कायद्याच्या कलमानें सुटत नव्हती. परंतु सक्तीला दुसरी बाजूहि असते. पालकानें मूल पाठविलेंच पाहिजे, तर पालिकेनेंहि इमारत, शिक्षक व बसावयास जागा पुरविलीच पाहिजे. अशा रीतीनें गिरणगांवांतील मूल प्रथमच शहराच्या हिशेबांत आलें.

त्याच १९२५ सालीं, त्याच जी विभागांत, पालिकेनें दुसरी गोष्ट केली. ती मात्र कोणत्याहि सक्तीवांचून. दादरजवळ समुद्रालगत पंचवीस एकरांहून मोठें एक मैदान तिनें लोकांसाठीं मोकळें केलें. त्याचें नांव माहीम पार्क. १९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. या मैदानाचें महत्त्व कळण्यासाठीं त्यापूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. शहराच्या दक्षिण भागांत १८८५ सालीं पारशी जिमखाना निघाला, १८९४ सालीं हिंदु जिमखाना. खेळाची जागा ही जातीजमातीची व सभासदाची जागा होती. शिवाजी पार्कास दरवाजा नाहीं, सभासदत्व नाहीं. १९२५ सालींच स्थापन झालेलें समर्थ व्यायाम मंदिर याच मैदानावर नांवारूपास आलें, व मल्लखांबाची परंपरा त्यानें राखली. पुढें रमाकांत आचरेकर यांनीं येथेंच मुलांस क्रिकेटचे धडे दिले. सचिन तेंडुलकर त्यांतलाच एक.

तथापि या दोन देणग्यांची गांठ आपोआप पडली नाहीं. सक्तीची शाळा गिरणगांवाच्या दारांत गेली. मैदान मात्र प्रथम त्याच्या सभोंवार वसलेल्या मध्यमवर्गाच्या अंगणांत आलें. लालबागच्या मुलाला चाळीचा चौक, गल्ली आणि व्यायामशाळा यांवरच भागवावें लागलें. शाळेचें वय उलटून गिरणींत शिरलेल्या तरुणाची सोय तर कोणत्याच कलमांत नव्हती. ती उणीव ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालवून अंशतः भरून काढली.

पुढें काळ पालटला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क देशभर लागू झाला. त्या कायद्यानें शाळेच्या आवश्यक गोष्टींत खेळाचें मैदानहि गणलें. १८८८ सालीं जें ऐच्छिक म्हणून बाजूस सारलें होतें, तें निदान शाळेपुरतें तरी कर्तव्याच्या यादींत आलें. मात्र यास सव्वाशें वर्षें लागावीं लागलीं. मधल्या काळांत मुंबईंतील मोकळ्या जागेचें मोल इतकें चढलें आहे कीं, १९२५ सालीं पालिकेनें स्वेच्छेनें राखलेलें तें मैदान आज नव्यानें मिळवावयाचें म्हटलें तर कोणत्याहि कायद्याच्या बळावर मिळणें कठीण.