बुळकांडी ते लम्पी : घाटाखालच्या पशुवैद्याचे शिकणे

वरंध हे महाड तालुक्यातील गाव. पाठीशी घाट, घाटापलीकडे भोर आणि त्यापुढे शिरवळ. शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. परंतु पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की घाटाखालच्या डॉक्टरला ते नागपूरइतकेच दूर. परळचे महाविद्यालय तर १८८६ चे, मुंबईतले. १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यांची नोंदणी आली, तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरणही आले. ज्ञानाचे नूतनीकरण कोणी, कोठे करावयाचे, या प्रश्नाचा इतिहास मात्र आम्हांस फारसा लिहिलेला दिसत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना तो रोगांच्या नावांतून वाचता येईल.

लाळ्या-खुरकूत, फऱ्या, घटसर्प, फाशी, बुळकांडी. लाळ्या-खुरकुतीत लाळ गळते व खुरांत जखमा होतात. फऱ्यात फऱ्याचा मांसल भाग सुजतो, दाबल्यास चरचरतो. ही नावे गोठ्यात घडली, पुस्तके नंतर आली. यांतील बुळकांडीची दहशत एवढी की तिच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला; त्याचा अहवाल १८७१ चा. भारतातील तिचा शेवटचा उद्रेक १९९५ चा, आणि २०११ मध्ये ती जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाचा धडा घोकून डॉक्टर पदवीधर झाला, तो रोग त्याच्या नोकरीच्या काळातच संपला.

उलट प्रकार लम्पीचा. १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम नोंदलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरला. जुन्या पदवीधराने तो परदेशी रोग म्हणून वाचला असेल तर असेल. मराठीला त्यास नाव घडविण्याइतका अवधीच मिळाला नाही. सरकारी कागदांत 'चर्मरोग' हे शेपूट जोडले गेले, लोकांनी नुसते 'लम्पी' ठेवले.

२०२० च्या टाळेबंदीत व्याख्याने पडद्यावर ऐकण्याची सवय लागली होती, ती येथे कामी आली. माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत होणारा प्रसार, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देण्यामागील तर्क, गाठींची छायाचित्रे हे सारे घाट न चढता कळू शकते. गर्भतपासणीचा हात मात्र पडद्यावरून घडत नाही, हे त्या क्षेत्रातील कोणीही सांगेल.

आमचा आक्षेप आणखी एक आहे. दासबोध जेथे सांगितला गेला असे परंपरा मानते, ती शिवथरघळ याच मुलखात आहे. त्या संवादात श्रोत्याच्या आशंकेला मानाचे स्थान आहे. ऑनलाइन व्याख्यानात आशंकेच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटे येतात, तीही रेंज असेल तर. आणि व्याख्यान बहुधा इंग्रजीत. त्याचे मराठी डॉक्टरने दुसऱ्या दिवशी गोठ्यात उभे राहून एकट्याने करावयाचे असते. शेतकरी एवढेच सांगतो, "डॉक्टरसाहेब, गाईच्या अंगावर गाठी आल्यात, चारा सोडलाय." गाठी लम्पीच्या की माशांच्या चाव्याच्या, हे त्याच्यासमोरच ठरवावे लागते.