सर्ग आणि उत्पत्ती : केडगावच्या भाषांतरामागचा प्रश्न

पुराणाची पाच लक्षणे सांगितली जातात : सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित. त्यांत पहिला मान सर्गाला, म्हणजे जगाच्या निर्मितीच्या कथेला आहे. ख्रिस्ती निर्मितिकथा मराठी काव्यात अवतरली तीही पुराणाच्याच रूपाने. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर (राचोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे 'पहिले पुराण' जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होते आणि 'दुसरे पुराण' येशूचे चरित्र सांगते. मराठी श्रोत्याला पुराणश्रवणाची सवय आहे, तेव्हा आपली कथाही त्याच घाटात बसवावी, हा स्टीफन्सचा मार्ग.

याच्या नेमका उलट मार्ग तीनशे वर्षांनी दौंड तालुक्यातील केडगावी चोखाळला गेला. पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात बसून हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणले. हे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ५ एप्रिल १९२२ पर्यंत चालले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला आणि त्याची खिळेजुळणी आश्रमातील स्त्रियांनी केली. बायबलचे भाषांतर करणारी जगातील पहिली स्त्री म्हणून रमाबाईंचा कधीकधी गौरव होतो, पण ते खरे नाही. ज्युलिया स्मिथ या अमेरिकन विदुषीचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. रमाबाईंचे वेगळेपण अन्यत्र आहे. हे भाषांतर करणारी व्यक्ती एका पुराणिकाची कन्या होती.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे आणि भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत होते. सर्गवर्णने त्यांनी वाचली होती एवढेच नव्हे, तर ती लोकांना सांगण्यावर त्यांच्या घराचा निर्वाह चालला होता. १८७० च्या दशकातील दुष्काळाने आईवडील हिरावून नेले. पुढे विवाहानंतर त्या आसामातील सिल्चर येथे राहत असता ॲलन नावाच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगितला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई हा प्रसंग नोंदवतात. पुराणांतील व शास्त्रांतील कथांहून ही कथा अगदी निराळी वाटली, ती खरी असावी असेही वाटले, परंतु तसे का वाटले याचे कारण देता आले नाही, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे.

कारण त्यांनी दिले नाही, म्हणून ते शोधण्याचा मोह होतो. त्याच निवेदनात एक महत्त्वाचा धागा आहे. कलकत्त्यास धर्मशास्त्रे वाचताना त्यांना असे आढळले की ग्रंथांचे आपापसांत कितीही मतभेद असोत, दोन बाबतींत त्यांचे एकमत आहे : स्त्रीजात स्वभावतःच दुष्ट व अपवित्र आहे, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. शूद्रांविषयीचे विधानही त्याच जातीचे. आता पुरुषसूक्तातील निर्मितीचे चित्र आठवावे. तेथे विराट पुरुषाच्या मुखापासून पायापर्यंत वर्णांची स्थाने ठरली आहेत. माणूस निर्माण होतानाच त्याची पायरी निर्माण होते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मात्र मनुष्याची निर्मिती आहे, वर्णाची नाही. आणि देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या त्या मनुष्यात नर व नारी या दोहोंचा एकाच वाक्यात समावेश आहे. रमाबाईंना जाणवलेला निराळेपणा येथे असावा, असे मला वाटते.

हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून झालेल्या वर्णोत्पत्तीची खिल्ली उडवली आणि पुढे निर्मात्यासाठी 'निर्मिक' हा शब्द वापरला. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण समतेचा दावा निर्मितीच्या प्रश्नापर्यंत नेला पाहिजे हे त्यांनी ओळखले. अहमदनगर परिसरात, आणि दौंडच्या शेजारी असलेल्या शिरूरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. त्या मंडळ्यांत महार-मांग समाजांतील माणसे मोठ्या संख्येने होती. सर्व माणसे एकाच मातीची, ही कथा त्यांच्या कानी केवळ विश्वरचनेची माहिती म्हणून पडली नसणार.

अर्थात ही कथा निर्दोष समतेची कथा नाही. दुसऱ्या अध्यायात स्त्री पुरुषाच्या फासळीपासून घडते आणि तिसऱ्यात तिच्या वाट्याला शाप येतो. चर्चने शतकानुशतके हव्वेच्या नावाने स्त्रियांना गप्प बसवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंनाही हा अनुभव आला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास चर्चच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि त्यावर त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. निर्मितिकथा आणि ती सांगणारी संस्था यांत अंतर असते, हे त्यांना दोन धर्मांत दोनदा शिकावे लागले. हिब्रू मुळाकडे जाण्याचा आग्रह या अनुभवाशी जोडून पाहिला पाहिजे. पंडितांच्या मध्यस्थीवाचून शास्त्रे वाचणारी स्त्री बिशपांच्या मध्यस्थीवाचून बायबल वाचू पाहत होती.

आधीच्या मराठी भाषांतराबद्दल त्यांची तक्रार अशी की त्यातील संस्कृतप्रचुर शब्द आश्रमातील साध्या बायकांना समजत नाहीत आणि त्या शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत. ही तक्रार किती खोल आहे हे निर्मितीच्या शब्दांवरूनच दिसते. 'सृष्टी' ज्या सृज् धातूपासून आली त्याचा अर्थ सोडणे, बाहेर टाकणे. तेथे जग ईश्वरातून बाहेर पडते. हिब्रूतील 'बारा' हे क्रियापद या अर्थाने केवळ देवाच्याच कर्तृत्वासाठी येते आणि तेथे जग देवापासून वेगळे राहते. 'आत्मा' हा शब्द त्याहून अवघड. वेदान्तात आत्मा अज, म्हणजे न जन्मलेला. मग निर्माण केलेला आत्मा म्हणजे वदतोव्याघातच. चित्पावन पंडित नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनी बाप्तिस्म्यानंतर 'षड्दर्शनदर्पण' लिहून दर्शनांशी वाद मांडला, आणि रमाबाईंच्या धर्मांतरात त्यांच्या युक्तिवादाचा वाटा होता. पण गोऱ्यांनी हा वाद पंडितांच्या परिभाषेत घातला. रमाबाईंना तो दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या मुलींच्या भाषेत मिटवायचा होता.

तो पूर्णपणे मिटला नाही. शब्दशः निष्ठेमुळे त्यांचे मराठी जागोजागी अवघडले, मंडळ्यांत ते रुळले नाही आणि वाङ्मयेतिहासातही 'ख्रिस्तपुराणा'ला मिळालेले स्थान त्याला मिळाले नाही. स्टीफन्सचे यश त्याने स्वीकारलेल्या परंपरेचे आहे. रमाबाईंचे अपयश त्यांनी नाकारलेल्या परंपरेचे. शिवाय नाकारूनही ती परंपरा शब्दांत उरतेच. हिब्रूत 'आदाम' म्हणजे मनुष्य आणि 'अदामा' म्हणजे भूमी. मराठीत 'मानव' म्हटले की मनू आलाच. शून्यातून निर्माण करण्याची सोय देवाला असेल, भाषांतरकाराला ती नसते.

तरीही साहित्याच्या अभ्यासकांनी या दोन ग्रंथांकडे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे म्हणून पाहावे. नवी निर्मितिकथा जुन्या समाजाला सांगताना त्याच्या आवडत्या घाटात ओतावी, की त्या घाटातच पायऱ्या कोरलेल्या आहेत म्हणून तो मोडावा? स्टीफन्स बाहेरून आले होते, त्यांना घाटाचे सौंदर्य दिसले. रमाबाई त्या घाटात वाढल्या होत्या आणि त्यातील आपली जागा त्यांना ठाऊक होती.