फ्रिहोलेस घळईतील धबधबा : वणवा, पूर आणि चराईचा इतिहास

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, हेमेझ पर्वताच्या पूर्व उतारावर फ्रिहोलेस घळई आहे. रितो दे लोस फ्रिहोलेस, म्हणजे 'घेवड्याचा ओढा', या लहानशा प्रवाहाने ज्वालामुखीय राखेच्या मऊ खडकातून ती कोरून काढली. रिओ ग्रांदे नदीला मिळण्यापूर्वी हा ओढा दोन ठिकाणी कड्यावरून कोसळतो. 2011 च्या वणव्यानंतर आलेल्या पुरांनी या परिसराचे रूप पालटले. अशा घटनेची नोंद 'नैसर्गिक आपत्ती' या सदरात होते व तेथेच चौकशी थांबते. वस्तुतः तिची कारणपरंपरा एकोणिसाव्या शतकातील मेंढ्यांच्या कळपांपर्यंत मागे जाते.

या घळईत प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांची वस्ती साधारणतः इ. स. 1150 ते 1550 या काळात होती. 23 ऑक्टोबर 1880 रोजी कोचिती गावच्या वाटाड्यांनी अ‍ॅडॉल्फ बँडेलियर या संशोधकास येथे आणले. त्याच वर्षी सांता फे येथे रेल्वे पोहोचली होती. पुरातत्त्वाच्या इतिहासात बँडेलियरच्या आगमनास मोठे स्थान मिळाले. जंगलाच्या दृष्टीने मात्र रेल्वेचे आगमन अधिक निर्णायक ठरले. दूरच्या बाजारपेठा खुल्या झाल्या आणि डोंगरावर मेंढ्यांची संख्या अफाट वाढली.

या बदलाची साक्ष झाडांच्या वर्षवलयांत सापडते. क्रेग अ‍ॅलन, थॉमस स्वेटनम आदी अभ्यासकांनी पाँडेरोसा पाइन वृक्षांच्या खोडांतील आगीचे व्रण तपासले. त्यांवरून असे दिसते की, पूर्वी येथे साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या अंतराने जमिनीलगतचे सौम्य वणवे लागत. ते गवत व रोपे जाळीत, मोठी झाडे तगत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे व्रण जवळजवळ नाहीसे होतात. मेंढ्यांनी गवत फस्त केल्यामुळे आग पसरण्यास आधारच उरला नाही. पुढे विसाव्या शतकात प्रत्येक आग विझविण्याचे सरकारी धोरण आले. परिणामी रोपांची दाटी माजली व इंधन साचत गेले. 1916 मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. त्याने भग्नावशेषांना संरक्षण मिळाले. परंतु जंगलात साचणाऱ्या इंधनावर तो उपाय नव्हता.

पहिला मोठा इशारा 1977 च्या ला मेसा वणव्याने दिला. त्यानंतर घळईत आलेला पूर हा वणव्यापूर्वी नोंदलेल्या कमाल प्रवाहाच्या सुमारे 160 पट होता. इंधन कमी करण्यासाठी मे 2000 मध्ये स्मारकाच्या हद्दीत मुद्दाम लावलेली आग आटोक्याबाहेर गेली आणि लॉस अलामॉस येथील चारशेहून अधिक कुटुंबे बेघर झाली. आगीचा उपचार म्हणून वापर करण्यावरील लोकांचा विश्वास त्यामुळे डळमळला, हे नवल नव्हे.

26 जून 2011 रोजी वीजवाहिनीवर झाड कोसळून लास कोंचास वणवा पेटला. पहिल्या चौदा तासांतच सुमारे 40,000 एकर व अखेरीस 1,56,593 एकर क्षेत्र जळाले. सांता क्लारा प्वेब्लोच्या जंगलाचाही मोठा भाग त्यात गेला. आग विझविण्याचे धोरण ठरविण्यात मात्र या जमातीला स्थान नव्हते.

तीव्र आगीत पालापाचोळ्यातील मेणचट द्रव्यांची वाफ होऊन ती मातीत थोड्या खोलीवर गोठते व पाणी मुरू देत नाही. तेथील मोसमी पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. म्हणजे वणव्यानंतर उघड्या पडलेल्या उतारांवर तो लगेचच कोसळला. 21 ऑगस्टला राखेने काळवंडलेला लोंढा ओंडके व धोंडे घेऊन घळईत उतरला.

वरच्या धबधब्याचा कडा कठीण बेसाल्टचा आहे. त्याखालचे थर पाणी व तप्त शिलारस यांच्या संयोगाने झालेल्या स्फोटक उद्रेकांचे, म्हणून ठिसूळ आहेत. तळ पोखरला जातो, वरचे खडक निसटतात आणि धबधबा हळूहळू मागे सरकतो. एरवी हजारो वर्षे संथपणे चालणाऱ्या या क्रियेला गाळमिश्रित पूर काही तासांत धक्का देतो. त्याच वेळी तो पायथ्याच्या डोहात गाळ व धोंडे लोटतो. कड्याची झीज आणि डोहाचे भरणे एकाच लोंढ्यात घडू शकते, ही बाब धबधब्याकडे केवळ झिजेचे फलित म्हणून पाहणाऱ्या वर्णनांतून निसटते. फ्रिहोलेसमध्ये काठची झाडे उन्मळून गेली आणि वरच्या धबधब्याच्या पुढे, खालचा धबधबा व नदी यांच्याकडे जाणारी पायवाट वाहून गेली. सप्टेंबर 2013 मध्ये या घळईत पुन्हा मोठा पूर आला.