गिटार अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकर वायर किती जाड असावी?

गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर नेहमी एकाच खोक्यात असतात असे नाही. मोठ्या संचात अ‍ॅम्प्लिफायरची पेटी वेगळी असते, स्पीकरचे कॅबिनेट वेगळे असते आणि दोहोंमध्ये वायर टाकावी लागते. अंतर एक-दोन मीटर असेल तर दीड चौरस मिलिमीटरची, दोन गाभ्यांची साधी तांब्याची वायर पुरते. अंतर वाढले किंवा कॅबिनेटचे ओहम कमी झाले, की अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. गिटारला लावायची केबल मात्र कितीही आखूड आणि कितीही महाग असली, तरी या कामाला वापरू नये.

यामागचे कारण समजून घ्यायला चिपळूण तालुक्यातले अलोरे सोयीचे गाव आहे. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावर चालणारे कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॉटचे वीजगृह इथलेच. इथली वीज दूरच्या शहरांकडे जाते ती २२० किलोव्होल्ट इतक्या चढ्या दाबाने. एवढा दाब कशासाठी? तारेत वाया जाणारी ताकद प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दहापट केला तर तेवढीच ताकद दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहात नेता येते आणि तारेतला तोटा शंभरावा हिस्सा उरतो. दाब चढवला नसता, तर तारा कितीतरी जाड घ्याव्या लागल्या असत्या.

हीच युक्ती गावच्या उत्सवात रस्त्याकडेला बांधलेल्या कर्ण्यांमध्येही असते. त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक कर्ण्याजवळ एक लहान ट्रान्सफॉर्मर. २० वॉटचा कर्णा या लाइनवरून जेमतेम ०.२ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून बारीक वायरीवर शंभर मीटर लांबचा कर्णाही खणखणीत वाजतो. तोटा एखाद्या टक्क्याचा. गिटारच्या कॅबिनेटमध्ये असा ट्रान्सफॉर्मर नसतो. ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमच्या कॅबिनेटला पूर्ण ताकद देतो तेव्हा दाब असतो २० व्होल्ट आणि प्रवाह अडीच अँपिअर. कर्ण्याची तीच पाऊण चौरस मिलिमीटरची वायर शंभर मीटर टाकून कॅबिनेट जोडले, तर अ‍ॅम्प्लिफायरने दिलेल्या ताकदीपैकी जवळपास ४० टक्के वायरच खाऊन टाकते. ‘कर्ण्याला चालते मग याला का नाही’ हा मांडववाल्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वायरीत नसून व्होल्टमध्ये आहे.

शंभर मीटरवर कॅबिनेट कोणी ठेवत नाही, हे खरे. मंचाच्या एका कडेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दुसऱ्या कडेला कॅबिनेट, असे १५ मीटरचे अंतर धरू. वायर जाताना आणि येताना असा दोनदा रोध देते, त्यामुळे १५ मीटरची वायर प्रत्यक्षात ३० मीटर तांबे असते. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध दर मीटरला साधारण ०.०२६ ओहम, म्हणजे एकूण ०.७८ ओहम. ८ ओहमच्या कॅबिनेटवर ९ टक्के ताकद वायरीत जाते. आवाजातला फरक एका डेसिबलपेक्षाही कमी, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल न कळेल इतकाच. पण ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की एकूण ४ ओहम होतात. मग तीच वायर १६ टक्के खाते आणि आवाज दीड डेसिबलने उतरतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीने हा तोटा साडेपाच टक्क्यांवर येतो. व्यवहारात एक सोपा अंदाज वापरतात: वायरीचा येण्याजाण्याचा मिळून रोध कॅबिनेटच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा. ८ ओहमला तो ०.४ ओहम, ४ ओहमला ०.२ ओहम. दीड चौरस मिलिमीटरची वायर ८ ओहमला पंधरा मीटरपर्यंत या हिशेबात बसते.

वॉटचा आकडा पाहून वायर निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मुद्दाम फाटेपर्यंत वाजवला जातो आणि तेव्हा तो पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त, कधी दुपटीच्या जवळ ताकद देतो. तरीही दीड चौरस मिलिमीटरची चांगली वायर त्या प्रवाहाने तापत नाही. म्हणून १०० वॉटला बोटाएवढी वायर हवी, हा समज निराधार आहे. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांब्याच्या नावाखाली भरमसाट किंमत मोजण्याचेही कारण नाही; तेवढ्याच जाडीच्या साध्या तांब्याने त्याच्याइतकाच रोध मिळतो.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. गिटारपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरपासून कॅबिनेटपर्यंतची केबल, दोन्हींच्या टोकाला पाव इंची जॅकच असतो. बाहेरून त्या जुळ्या बहिणी दिसतात. पण गिटारच्या केबलमध्ये मधोमध केसासारख्या तारांचा बारीक गाभा आणि त्याभोवती तारांची जाळी असते. ती जाळी बाहेरची खरखर अडवण्यासाठी असते. तिच्यातून जाणारा सिग्नल इतका कमजोर असतो की बारीक गाभ्याने काही बिघडत नाही. स्पीकरचा प्रवाह तिच्यातून सोडला तर गाभा तापतो, आतले प्लास्टिक मऊ पडते, आणि एके दिवशी गाभा जाळीला टेकतो किंवा जॅकजवळ तुटतो. टेकला तर ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट जळू शकते. तुटला तर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर संकट येते, कारण स्पीकरचा भार नसताना तो वाजवला की त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीत हा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आत चारशे व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब असतो, बंद केल्यावरही काही काळ टिकतो. घरच्या घरी खोलून पाहण्याची ही वस्तू नव्हे.

दुकानात वायर मागताना शब्दांचा घोळ होतो. ‘अडीच एमएम’ म्हणजे अडीच मिलिमीटर व्यासाची तार नाही. तो तांब्याच्या छेदाचा आकडा आहे, अडीच चौरस मिलिमीटर. तार गोल धरली तर व्यास १.८ मिलिमीटरच्या आसपास भरतो. जुनी दुकाने अजूनही ‘२३/७६’ किंवा ‘४०/७६’ असे बोलतात. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेची जाडी, म्हणजे ०.००७६ इंच. हिशेब केला तर २३/७६ सुमारे ०.७ चौरस मिलिमीटर आणि ४०/७६ सुमारे १.२ चौरस मिलिमीटर होते. भिंतीतल्या वायरिंगची एकसंध तार मंचावर नको. रोज गुंडाळून ती तुटते.

स्पीकरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पारदर्शक वायरींपैकी काहींत तांब्याचा फक्त मुलामा असतो आणि आत अ‍ॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीला त्यांचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून चांदीसारखी दिसली तर ते अ‍ॅल्युमिनियम. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे उलट, ती बाहेरून पांढरी आणि आतून तांबूस. कोकणातल्या दमट हवेत ही कथिल चढवलेली तार जास्त टिकते, मिळाली तर घ्यावी.

जॅकही पाहावा. अडीच चौरस मिलिमीटरची वायर पाव इंची जॅकच्या झाकणात कशीबशी बसते, चारची बसत नाही. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना हा जॅक काढला-घातला तर क्षणभर शॉर्ट होऊ शकते, म्हणून आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा. कॅबिनेटवर फिरवून बसणारे स्पीकॉन असेल तर तेच वापरावे. काही जण स्पीकरच्या वायरीला घरगुती विजेची दोन पिनांची टोपी लावतात. स्वस्तातली सोय म्हणून लावलेली ही टोपी गडबडीत कोणीतरी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालते, आणि २३० व्होल्ट कॅबिनेटमध्ये किंवा कोणाच्या हातात येतात. अशी टोपी दिसली की कापून टाकावी.

मंच मोठा असेल तर जाड वायर शोधत बसण्यापेक्षा मांडणी बदलणे स्वस्त पडते. अ‍ॅम्प्लिफायर कॅबिनेटच्या डोक्यावरच ठेवावा, स्पीकरची वायर मीटरभर राहते. कॅबिनेटसमोर माइक लावून त्याची बॅलन्स्ड केबल मिक्सरपर्यंत न्यावी. ती पन्नास मीटर गेली तरी कुरकुरत नाही. गिटारची केबल मात्र पाच-सहा मीटरच्या आत ठेवावी. तिच्या लांबीने स्वराची धार बोथट होते, आणि तिथे जाडीचा काही उपयोग नसतो.

पावसाळा संपून सामान पुन्हा काढले की जॅक आधी पाहावेत. पितळेच्या भांड्यात ताक कळकते तसा हिरवट थर त्यांच्यावर चढलेला असतो. वायरीपेक्षा जास्त रोध अशा कळकलेल्या सांध्यात आणि कच्च्या झाळणीत असतो. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. वायरीचे एक टोक कॅबिनेटला लावून दुसऱ्या टोकाच्या जॅकचे टोक आणि दांडा यांमध्ये मोजावे. ८ ओहमचे कॅबिनेट मीटरवर सहा-सात ओहम दाखवते, १६ ओहमचे बारा-तेरा. वायर हलवताच आकडा उड्या मारू लागला, तर तो सांधा कापून नव्याने झाळावा.