कौटुंबिक दावे : रायपूरमध्ये वकील आणि खर्चाची तरतूद

घटस्फोट, पोटगी अथवा मुलांचा ताबा यांसाठी न्यायालयात जाण्याची वेळ आली की, पहिली चिंता असते ती वकिलाच्या शुल्काची. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या महिलांना ती अधिक भेडसावते. मात्र केवळ पैशांअभावी कोणी कायदेशीर मदतीपासून वंचित राहू नये, यासाठी कायद्यात स्पष्ट तरतुदी आहेत. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील पक्षकारांना त्यांचा लाभ घेता येतो.

दावा कोठे दाखल करावा?

रायपूरमध्ये कौटुंबिक न्यायालय कार्यरत असून, त्याच्या निकालावरील अपील बिलासपूर येथील छत्तीसगड उच्च न्यायालयात दाखल होते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते; दोन्हीकडील मराठी कुटुंबांत आजही सोयरिकी होतात. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली झालेल्या सुधारणेनुसार पत्नी ती राहत असलेल्या ठिकाणीही दावा दाखल करू शकते. त्यामुळे नागपूर किंवा गोंदियाला माहेरी परतलेल्या महिलेने रायपूरमध्येच वकील शोधण्याची गरज नाही. रायपूरमध्ये दावा चालवायचा असल्यास मराठी कागदपत्रांच्या हिंदी अनुवादाचा खर्चही विचारात घ्यावा.

वकिलाची निवड

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार मनाई आहे. संकेतस्थळावर नाव, संपर्क, नोंदणी क्रमांक, शिक्षण व कामाचे क्षेत्र एवढीच माहिती देण्याची मुभा २००८ पासून आहे. म्हणून हमखास यशाची ग्वाही देणाऱ्यांपासून सावध राहावे. परिचितांकडून किंवा जिल्हा वकील संघाकडून नावे मिळवून, संबंधिताची सनद राज्य बार कौन्सिलकडे नोंदलेली असल्याची खात्री करावी.

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पक्षकार स्वतः बाजू मांडू शकतो आणि आवश्यकतेनुसार न्यायालय न्यायमित्राचे साहाय्य घेऊ शकते. समेटाचा प्रयत्न करणे हेही न्यायालयाचे कर्तव्य आहे.

शुल्क ठरवताना

संपूर्ण दाव्याचे शुल्क, प्रत्येक तारखेचे शुल्क तसेच टंकलेखन, न्यायालय शुल्क आदी खर्च वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. मिळणाऱ्या पोटगीत वा मालमत्तेत वकिलाने हिस्सा मागणे नियमबाह्य आहे. शुल्क थकले म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे.

दुसऱ्या पक्षाकडून खर्च

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ नुसार पुरेसे उत्पन्न नसलेला पती किंवा पत्नी दाव्याचा खर्च आणि दावा सुरू असतानाची पोटगी मागू शकते. मात्र केंद्राच्या अधिसूचनेशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार कोणत्याही धर्माच्या पत्नीला अंतरिम पोटगी व खर्च मागता येतो. १ जुलै २०२४ पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अशा अर्जावर निर्णय अपेक्षित असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे पतीच्या वेतनाच्या व बँक खात्याच्या कागदांच्या प्रती आधीच जपून ठेवाव्यात.

मोफत वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, दिव्यांग तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. म्हणजेच नोकरदार महिलाही त्यास पात्र ठरते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा निश्चित करण्यात आली आहे. रायपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो; १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलास पक्षकाराकडून कोणतेही शुल्क घेता येत नाही. तशी मागणी झाल्यास प्राधिकरणाकडे तक्रार करता येते.