मुसीचा महापूर आणि पूर्वतयारीची सेवा

महापूर, दुष्काळ यांसारखी संकटे कोसळली म्हणजे आपल्या मंडळ्या साहाय्यार्थ धावून जातात. अन्नवस्त्रे गोळा होतात, प्रार्थनासभा भरतात. हे उचितच आहे. परंतु संकट येण्यापूर्वी करावयाच्या सेवेविषयी आम्ही व्यासपीठावरून क्वचितच बोलतो. या दृष्टीने हैदराबादच्या इतिहासातील एक प्रकरण मननीय वाटते.

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस मुसी नदीच्या पाणलोट क्षेत्रात अतिवृष्टी झाली. शहराच्या वरच्या अंगास शेकडो लहानमोठे तलाव होते. त्यांपैकी दोनशेहून अधिक फुटले. वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावाचा बांध घेऊन पुढे गेले. २८ सप्टेंबर रोजी तो लोंढा शहरात शिरला. नदीकाठच्या दाट वस्त्या वाहून गेल्या. मृतांची संख्या सामान्यतः १५,००० सांगितली जाते. अफझलगंज येथील रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली, ही आठवण शहराने आजवर जपली आहे.

त्या वेळी सहावे निजाम मीर महबूब अली खान राज्य करीत होते. तातडीचे साहाय्य झाले. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रास परिचितच आहे. शहरात केवळ भिंती बांधून भागणार नाही, पूर शहराच्या वरच अडवून हळूहळू सोडला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये व ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. १९१२ मध्ये नगरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळही स्थापन झाले. महबूब अली खान मात्र १९११ मध्येच निवर्तले होते. ज्या कार्याचा आरंभ त्यांच्या कारकिर्दीत झाला, त्याचे फळ त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

पूर्वतयारी म्हणजे देवावरील अविश्वास, असे मानणारे भाविक आम्हांस भेटतात. ते मत्तय ६:३४ पुढे करतात. पण प्रभूने तेथे चिंतेचा निषेध केला आहे, दूरदृष्टीचा नव्हे. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला त्यानेच दिला (लूक १४:२८). योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठविला (उत्पत्ति ४१). अगबाने दुष्काळाचे भविष्य सांगताच अंत्युखियातील शिष्यांनी यहूदियातील बंधूंसाठी यथाशक्ति मदत पाठविण्याचा निश्चय केला (प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०). भविष्यवाणी ऐकून ते केवळ भयभीत झाले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

तथापि तयारी एकदा करून संपत नाही. पूर अडविणाऱ्या जलाशयात पुरासाठी जागा रिकामी ठेवावी लागते, आणि तेच पाणी शहराची तहानही भागविते. हा तोल दरवर्षी सांभाळावा लागतो. सुरक्षित वाटू लागले की माणूस नदीचे पात्र व तलावांचे तळ व्यापू लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेतील अनेक सखल वसाहती पुन्हा पाण्याखाली गेल्या. पूर्वजांनी बांधलेल्या धरणांमुळे पुढील पिढ्यांची जबाबदारी संपत नाही.

म्हणून पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे. आपल्या गावात पाणी पूर्वी कोठवर आले होते, हे वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. एकटे राहणारे, आजारी व अपंग यांची यादी करून त्यांना कोणी हलवावयाचे ते आधीच ठरवावे. उंचावरील मंदिर वा शाळा आश्रयासाठी सिद्ध असावी आणि सुगीच्या अर्पणातील काही भाग त्यासाठी बाजूस काढावा. पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा मंडळीच्या सभेत या सर्वांची उजळणी व्हावी.

आपल्या तयारीने वाचणाऱ्यांची नावे आपणांस कदाचित कधीच कळणार नाहीत. त्यांतील कित्येक अद्याप जन्मलेलेही नसतील. तेही आपले शेजारीच आहेत.